काच सुटेपर्यंत

सिनेमा एक तास चाळीस मिनिटांचा होता आणि त्यात आत्या सहा सेकंद होती. तीही बोलताना-चालताना नाही, नुसता एक जुना फोटो, त्यात तिचा अर्धा चेहरा आणि अख्खा स्वेटर. फोटोवरून एका बाईचा मधाळ आवाज म्हणाला, "गायकाच्या आत्याने या मुलांना जागा मिळवून दिली आणि दर रविवारी न चुकता चहा पाजला."

चहा! आत्याने उभ्या आयुष्यात कुणाला चहा पाजलेला नाही. तिच्याकडे गेलेल्या माणसाला पाणी मिळतं, तेही मागितलं तर.

आत्याच्या खोलीच्या खाली, तिच्या भावाच्या घरी सगळे टीव्हीसमोर जमले होते. ज्या बँडवर सिनेमा निघाला होता त्याचा गायक म्हणजे या घरचाच मुलगा, आत्याचा सख्खा भाचा, तेव्हा शेजारपाजारही बोलावून घेतला होता. फोटो आला तशी वहिनीने टाळी वाजवली. "वन्सं, तुम्ही! बघा, बघा!" आत्या बघतच होती. पुढे दहा-अकरा मिनिटांनी भाचा पडद्यावर खुर्चीत रेलून सांगायला लागला की त्यांच्या कार्यक्रमात भिंतीवर जो पाच बोटांचा हात उमटायचा, जो आज हजारो टी-शर्टांवर छापलेला असतो, तो त्याला स्वप्नात दिसला होता. "काळ थांबवणारा हात," असं म्हणून त्याने डोळे मिटले. भाऊ म्हणाला, "काय बोलतो कार्टा!" आणि सगळ्यांकडे अभिमानाने बघितलं.

आत्याची तळपायाची आग मस्तकात गेली. त्या टी-शर्टांवरच्या हाताची करंगळी वाकडी आहे. स्वप्नातल्या हाताची करंगळी कशाला वाकडी असेल? तिने आपला उजवा हात मांडीवरून उचलला, आपल्या वाकड्या करंगळीकडे बघितलं, आणि सिनेमा अर्धा टाकून जिना चढून वर आपल्या खोलीत गेली. तिला जाताना कुणी थांबवलं नाही, कारण त्यांना वाटलं तिला गहिवरून आलं असेल.

आता ही आत्या कोण ते सांगायला हवं, कारण सिनेमावाल्यांनी ते कष्ट घेतलेले नाहीत.

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती चौतीस वर्षं सहाय्यक होती. सहाय्यक म्हणजे काय, तर सर फळ्यावर जे लिहितात ते टेबलावर खरंच घडेल असं बघणारी बाई. द्रावणं तिने करायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या तिने चिकटवायच्या, काचसामान तिने धुवायचं. प्रयोग जमला की वा सर, आणि फसला की, "बाई, तुम्ही काय घातलं होतं यात?" एकदा प्रयोगाचा धूर बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाचं वर सरकणारं दार दोरी तुटून तिच्या करंगळीवर पडलं. सर धावत आले आणि म्हणाले, "काच फुटली का?" काच शाबूत होती. बोट कायमचं वाकडं राहिलं.

लग्न तिने केलं नाही. कारण विचारलं की सांगायची, "सुट्टी मिळाली नाही." भावाच्या घराच्या वरची एक खोली तिची होती आणि त्या खोलीत भाचा लहानाचा मोठा झाला, कारण खाली त्याची गिटार कुणाला चालत नसे. आत्यालाही ती चालत होती असं नाही. पण ती दिवसभर विद्यार्थ्यांवर ओरडून आलेली असे आणि घरी आल्यावर ओरडायला तिच्यात बळ उरत नसे, एवढंच.

एका वर्षी कॉलेजने जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर मोडीत काढला. हे यंत्र आताच्या पोरांना माहीत नसेल. पेटीत खाली दिवा, वर काच, काचेवर लिहिलेला पारदर्शक कागद ठेवायचा आणि दांडीवरच्या आरशातून तो भिंतीवर मोठा दिसायचा. याचा आतला पंखा जळाला होता आणि पंखा नसल्यामुळे वरची काच चटका बसण्याइतकी तापायची. आत्याने रीतसर अर्ज करून ती पेटी घरी आणली. दिवा लागतो का बघायला म्हणून एका रविवारी दुपारी तिने खिडक्या लावून घेतल्या आणि हाताशी होती ती काच वर ठेवली. घड्याळाच्या काचेसारख्या दोन उथळ वाट्या, एकीत दुसरी बसवलेली, आणि दोहोंच्या मध्ये निळं पाणी आणि तांबडं तेल. विद्यार्थ्यांना तेल-पाणी मिसळत नाही हे दाखवायला तिने ती केली होती. भिंतीवर आधी नुसता मळकट डाग दिसला. मग तेल तापलं, सैल झालं, आणि सगळी भिंत हलायला लागली. तांबड्याच्या आत निळं शिरत होतं, फुटत होतं, परत गोळा होत होतं.

भाचा गिटार घेऊन जिना चढून आला तो दारातच थांबला. "आत्या, हे काय आहे?"

"तेल आणि पाणी."

"हे आमच्या मागे पाहिजे," तो म्हणाला. "आम्ही वाजवताना हे असंच्या असं आमच्या मागच्या भिंतीवर पाहिजे."

बँडमध्ये तेव्हा तिघं. भाचा गायचा आणि गिटार वाजवायचा. बासवर एक ताडमाड उंच, अबोल मुलगा होता, त्याला सगळे लांबू म्हणत. ड्रमवर डबा, कारण त्याने सुरुवात खरोखर डब्यांवर केली होती. त्यांच्या संगीताला आता जाणकार सायकेडेलिक म्हणतात. तेव्हा शेजारी त्याला कटकट म्हणत. जागा कुठे मिळेना. शेवटी आत्याने ओळखीच्या छापखानावाल्याला पटवलं. त्याचं कागदाचं गोदाम रविवारी बंद असे आणि भिंतींना लागून छतापर्यंत कागदाचे गठ्ठे रचलेले असत, त्यामुळे कितीही बडवलं तरी आवाज बाहेर जात नसे. समोरची एक भिंत मोकळी होती आणि तिला नुकताच चुना दिलेला होता. गठ्ठे बांधून येतात तो काळा कागद आत्याने खिडक्यांना लावला. दुपारी तीन वाजता पहिला कार्यक्रम झाला. गठ्ठ्यांवर बसून ऐकायला एकोणीस माणसं आली होती आणि त्यातली सहा नात्यातली होती.

पहिल्याच कार्यक्रमात आत्याकडून घोळ झाला. शेवटचं गाणं मोठं होतं आणि त्याच्या मध्यावर, भाच्याने आरोळी ठोकली की, भिंतीचा रंग बदलायचा असं ठरलं होतं. आरोळी झाली. आत्याने तांबडी काच काढली, निळी ठेवली. पण घरी करताना ती प्रत्येक काच आधी तापवून ठेवायची, आणि इथे घाईत ते राहूनच गेलं. भिंतीवर सांडलेल्या शाईसारखा थंडगार डाग. काच सुटेना. तेल सैल होऊन चालायला लागणं, याला ती 'काच सुटणं' म्हणायची. पुढचं कडवं सुरू करायला भाच्याने तोंड उघडलं, तशी अंधारातून तिची प्रयोगशाळेतली हाक आली, "अजून नाही! दम धरा!"

लांबू तिच्या कॉलेजात शिकलेला. बाईंनी दम धरा म्हटलं की दम धरायचा, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं होतं. त्याने जे चार सूर वाजवत होता तेच चार सूर परत वाजवले. परत तेच, परत तेच. डब्याने त्याला साथ दिली. भाचा गोंधळून नुसता उभा राहिला. पाऊण मिनिट, एक मिनिट. समोरची माणसं पुढे सरकून बसली, कारण काहीतरी होणार आहे असं त्यांना वाटायला लागलं होतं. मग काच सुटली. त्या आवाजात ओरडून ऐकू जाणार नाही म्हणून आत्याने आपला उजवा हात दिव्यावर धरला आणि भिंतीवर छतापर्यंत पाच बोटं उभी राहिली, त्यातलं एक वाकडं. हात निघाला, निळं फुललं, आणि तिघं जे तुटून पडले की एकोणीसच्या एकोणीस माणसं गठ्ठ्यांवरून उठली.

घोळ तो घोळ, पण तोच त्यांना तारून गेला. त्यानंतर ती थंड काच मुद्दाम ठेवायला लागली. दिवस गार असला तर काच सुटायला दीड मिनिट लागे, उकाडा असला तर चाळीस सेकंद. किती वेळ थांबायचं ते बँडला कधीच आधी कळत नसे. ते चार सूर फिरवत राहायचे आणि डोळे भिंतीवर. हात दिसला की सुटायचे. ते वाजवत असताना तिचा अंगठा दोन वाट्यांपैकी वरच्या काचेवर असे आणि लांबूच्या प्रत्येक ठोक्याला ती काच जराशी दाबी, म्हणजे भिंतीवर रंगाचा श्वास चालल्यासारखा दिसे. अंगठ्याला फोड येत. सोमवारी ती बोटाला पट्टी बांधून कामावर जाई आणि कुणी विचारलं तर सांगे, कुकरची वाफ लागली. दोन वर्षं, एकतीस रविवार. शेवटी शेवटी गोदामात तीनशे माणसं येत आणि छापखानावाला दारात उभा राहून गठ्ठ्यांची काळजी करी.

त्या दोन वर्षांत आत्याला राग म्हणून आला नाही. प्रयोगशाळेतल्या शिपायाने तर तिला तोंडावर विचारलं होतं, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

मग एका रेकॉर्ड कंपनीने बँडला उचललं. मोठं शहर, मोठी गाडी, मोठे दिवे. आत्याची नोकरी इथे. "एकदा बस्तान बसू दे आत्या, मग तुला नेतो," भाचा म्हणाला आणि गेला. बस्तान बसलं. चार सूर फिरवत थांबायच्या त्या जागेवर लोकांनी लेख लिहिले. भिंतीवरच्या हाताचं चित्र टी-शर्टावर आलं. तिने हे सगळं दुरून बघितलं आणि कधी तोंड उघडलं नाही, कारण तिला खात्री होती की त्यांना तर माहीत आहे ना. घरातली गोष्ट घरातल्यांना माहीत असली म्हणजे झालं. तेवीस वर्षं तिने ही समजूत जपली, आणि सिनेमाने ती एका दुपारी मोडून टाकली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तिला परक्यांच्या बाबतीत मान्य होतं. आपल्या खोलीत वाढलेल्या पोराच्या बाबतीत तिने तो विचारच केला नव्हता.

तिने फोन केला.

"आत्या, अगं ते एडिटिंगमध्ये होतं," भाचा म्हणाला. "ते आमच्या हातात नसतं."

"स्वप्न पण एडिटिंगमध्ये पडलं का?"

तो म्हणाला, "ऐक ना. पुढच्या महिन्यात पहिल्या कार्यक्रमाला पंचवीस वर्षं होतायत. आपण तोच कार्यक्रम परत करतोय. तेच गोदाम, तीच गाणी. आता तिथे हॉल झालाय. तू ये. शेवटच्या गाण्याला काच तूच कर."

"आणि सांगशील? तुझ्या तोंडाने, सगळ्यांच्या समोर, की भिंत माझी होती?"

"सांगतो ना."

"सांगतो ना नको. हो म्हण."

"हो आत्या. सांगीन."

तिला दुसरं काही नको होतं. हार नको, शाल नको, सिनेमात आणखी सहा सेकंद नकोत. त्याने ते आपल्या तोंडाने म्हणावं, एवढंच हवं होतं. त्या एका 'हो'वर चौसष्ट वर्षांची बाई महिनाभर कामाला लागली. माळ्यावरून पेटी काढली. नवा दिवा मिळवायला सात दुकानं पालथी घातली आणि सातही ठिकाणी भांडली. ओट्यावर तेलं मांडली, रंग मांडले. जुन्या काचांपैकी चार फुटल्या होत्या, त्या बदलून आणल्या. भाऊ वर डोकावून म्हणाला, "अगं, या वयात कशाला?" तेव्हा ती म्हणाली, "तुझा मुलगा या वयात उड्या मारतो ते चालतं ना?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती काचा टॉवेलात गुंडाळून, पेटी रिक्षात मांडीवर घेऊन गोदामात पोचली. गठ्ठे गेले होते, गादीच्या खुर्च्या आल्या होत्या. भिंतीच्या जागी भिंतीएवढा पडदा होता. बँडच्या मॅनेजरने पेटी बघितली आणि त्याचा चेहरा पडला. पंखा नसलेला दिवा, तापलेली काच, वर तेल, आणि हॉलमध्ये पाचशे माणसं. अग्निशमनाच्या परवानगीत हे कुठेच बसत नव्हतं. त्याचं म्हणणं खोटं होतं असं नाही. आत्या स्वतः चौतीस वर्षं पोरांना हेच सांगत आली होती. तिने मॅनेजरकडे बघितलंही नाही. तिने भाच्याकडे बघितलं.

भाचा जमिनीवरच्या वायरी बघत होता.

"तुला महिनाभर आधी माहीत होतं," ती म्हणाली.

"आत्या, आम्ही सगळी भिंत कॉम्प्युटरवर तयार केलीय. जुन्या चित्रणातून. हुबेहूब तुझीच आहे. तू फक्त पुढे बस. आणि हे बघ, हाताचा इशारा तूच द्यायचास! थांबायचं तिथे हल्ली आम्ही ठरलेले फेरे मोजतो, ते आज मोजणार नाही. तुझ्याकडे बघणार. तू खुर्चीतून हात वर केलास की आम्ही सुटणार. तुझ्यावर कॅमेरा असेल, हात पडद्यावर दिसेल. कशी आहे कल्पना?"

"आणि सांगणार आहेस ना?"

"सांगणार, सांगणार," असं म्हणेपर्यंत त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. एवढा मोठा सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण पळाला अगदी खोडी करून पळतात तसा. आत्या पेटीशेजारी उभी राहिली. तिला त्या वेळी घरी निघून जाता आलं असतं. गेली नाही, कारण तिला तो शब्द ऐकायचा होता. माणूस रागावला की डोळस होतो म्हणतात, ते काही खरं नाही. रागातही ती आशाच करत होती.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. शेवटच्या गाण्याआधी भाचा माईकशी आला. त्याने पहिल्या रांगेकडे हात केला आणि तो म्हणाला, "ही आमची आत्या. हिने आम्हाला जागा दिली, चहा पाजला, आमची कटकट सहन केली. आज या गाण्याला हातही हीच देणार आहे. जोरात टाळ्या!"

टाळ्या झाल्या. दिव्याचा झोत तिच्या तोंडावर आला. मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "किती गोड आहेत ना?" आत्याने दातओठ खाल्ले ते झोतात सगळ्यांना हसण्यासारखं दिसलं.

गाणं मध्यावर आलं. भाच्याने आरोळी ठोकली. लांबूने चार सूर धरले. पडद्यावर निळं उमटलं, आणि ते पहिल्या क्षणापासून हलत होतं. मळकट डाग नाही, काही नाही, आयतं सुटलेलं. तिने ते ओळखलं. एकविसाव्या की बाविसाव्या रविवारची काच होती ती. कडेला एक बुडबुडा अडकून बसला होता आणि तो हलवायला ती सबंध गाणंभर वरची काच तिरपी धरून होती. तो बुडबुडासुद्धा त्यांनी जसाच्या तसा घेतला होता. आणि तिघंही आता तिच्याकडे बघत होते, कॅमेरा तिच्या हातावर रोखलेला होता, पाचशे माणसं हात वर व्हायची वाट बघत होती.

हात कशाचा दाखवायचा? हात म्हणजे 'काच सुटली'. इथे काच नव्हती. जी सुटलीच नाही ती सुटली म्हणून सांगायला तिने प्रयोगशाळेत कुणा सरांचंही कधी ऐकलं नव्हतं. खोटं मोजमाप लिहिणाऱ्या पोरांच्या वह्या तिने खिडकीतून फेकल्या होत्या. आत्याने दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

एक मिनिट झालं, दोन झाली. भाच्याने भुवया उंचावल्या. तिने डोळ्याला डोळा दिला. तीन मिनिटं झाली. चार सूर फिरत होते, डबा घामाघूम झाला होता. भाचा पुढे आला, तिच्यासमोर गुडघा टेकून वाजवायला लागला, मानेने खुणा करायला लागला. वर कर ना, वर कर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं सगळं ठरवून चाललंय. सहा मिनिटं, आठ मिनिटं. कुणी रडत होतं, कुणी डोळे मिटून डोलत होतं. या लोकांपुढे आता छप्पर कोसळलं असतं तरी त्यांनी त्याला टाळ्या दिल्या असत्या. मोजून पुढे जायचं तर आता मोजणार कुठून? तिघांतला एकही जण आपल्या मनाने सुटायला धजावत नव्हता. अकराव्या मिनिटाला लांबूने तिच्याकडे बघितलं, तिचे हात कुठे आहेत ते बघितलं, आणि एवढ्या वर्षांत तिच्या शब्दाबाहेर न गेलेल्या त्या माणसाने तळवा तारांवर ठेवून आवाज बंद केला. शेवटचं कडवं झालंच नाही. हॉल उभा राहून पाच मिनिटं टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की गाणं अपुरं सोडण्याचं हे धाडस या बँडनेच करावं. गायकाची दूरदृष्टी असा एक शब्द होता. आत्याने पेपर वाचला, घडी केला, कचऱ्यात टाकला, आणि मग कचऱ्यातून काढून त्याचे तुकडे केले.

दहा वाजता भाचा आला तो तणतणतच. चोराच्या उलट्या बोंबा. "आत्या, काय केलंस तू काल? पाचशे माणसांसमोर? मी गुडघ्यावर बसलो होतो तुझ्यासमोर!"

"पेपरात तर तुझं कौतुक आलंय."

"पेपर खड्ड्यात गेला! हात का नाही वर केलास?"

"चहा पाजणाऱ्या बाईच्या हाताकडे कशाला बघत बसला होतास?" आत्या उठून उभी राहिली. "एक वाक्य मागितलं होतं तुझ्याकडे. एक! पंचवीस वर्षं नाही बोलले. तू चोरलंस, वर स्वप्न पडलं म्हणून सांगितलंस, आणि काल परत चहा? कशासाठी? नाव कमी पडत होतं? काय कमी पडत होतं तुला?"

"चोरलं नाही मी," तो म्हणाला आणि एकदम त्याचा आवाज खाली आला. "तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं?"

तो खिडकीकडे बघून बोलायला लागला. "बावीस वर्षांचा होतो गं. एका मासिकाची मुलगी आली होती मुलाखतीला, गोदामात. बाकीच्या बँडांचे दिवे कुणी चित्रकार करायचे, कुणाच्या मैत्रिणी करायच्या. तिने विचारलं, भिंत कोण करतं? तू तिथेच होतीस कोपऱ्यात. तो स्वेटर, चष्म्याला दोरी, बोटाला पट्टी. लांबूला ओरडत होतीस, सरळ उभा राहा म्हणून. आणि मी... मला लाज वाटली. रॉक बँड, आणि आत्या. मी म्हटलं, आम्हीच करतो. ती आत्या आहे, चहा आणते. मग तेच सगळीकडे छापून आलं. मग हाताचं कुणी विचारलं की काहीतरी सांगावं लागायचं."

आत्याने त्याची सगळी उत्तरं आधीच हेरून ठेवली होती. पैसा म्हणाला असता, कंपनीचा करार म्हणाला असता, विसरलो म्हणाला असता, तर प्रत्येकाला तिच्याकडे जबाब तयार होता. या उत्तराला नव्हता. त्या रविवारांइतकी ती आयुष्यात कधीच आनंदात नव्हती, आणि तो दहा पावलांवर उभा राहून तिला लपवत होता.  डोळ्यांत पाणी आलं ते तिने संतापाने पुसलं.

"मी आजच सिनेमावाल्या बाईंना सांगतो," तो घाईने म्हणाला. "भिंत आत्याची होती म्हणून. हातसुद्धा. त्या टाकतील नवीन पाटी, मोठी पाटी."

"पाटी नको."

"मग?"

"आत्ता जे सांगितलंस ते सांग. कॅमेऱ्यासमोर बस आणि हेच सांग. की तुला माझी लाज वाटली."

त्याने तिच्याकडे बघितलं. "आत्या, ते... ते कसं सांगणार मी?"

"तोंडाने," आत्या म्हणाली. "चहा आणते हे ज्या तोंडाने सांगितलंस ना, त्याच."

तो उभाच राहिला. खालून वहिनीने दोनदा हाक मारली, जेवायला थांबतोयस का म्हणून. त्याने ओ दिली नाही. आत्याने त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, आणि त्याच्या तोंडावरची नजरही काढली नाही.